जुन्या स्टेडियमची बैठक सुधारताना: आधी जिने मोजा, मग खुर्च्या

ठाण्यातल्या एका क्रीडा मंडळाच्या सचिवांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. खाडीपासून फार लांब नसलेलं, चाळीसएक वर्षांचं मैदान. एका बाजूला सिमेंटच्या चौदा पायऱ्यांची, नव्वद मीटर लांब, उघडी गॅलरी. तिच्या पाठीमागून खाली उतरणारे दोन जिने. सामना सुटला की दोन्ही जिन्यांवर माणसं अडकतात. ज्येष्ठ मंडळी यायची बंद झाली, कारण तापलेल्या सिमेंटवर तीन तास बसवत नाही. आता एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेले, पैसे मिळण्याची चिन्हं आहेत आणि त्यातून गॅलरीभर पाठीच्या बकेट खुर्च्या, म्हणजे एकाच साच्यातल्या, न दुमडणाऱ्या, बसवायचं घाटतं आहे. कोणत्या खुर्च्या घ्याव्यात आणि गर्दीचं काय करावं?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण हिशोब एकच आहे. खुर्ची जी जागा खाते ती माणसाच्या चालण्याच्या वाटेतलीच असते. म्हणून खुर्च्यांचा कॅटलॉग सध्या बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या. तुम्ही पाठवलेली मापं चांगली आहेत: पायरीची उंची ४० सेंटिमीटर, खोली ७५, म्हणजे गवंड्याच्या भाषेत सोळा इंची राइजर आणि अडीच फुटी ट्रेड. दोन्ही जिने कठड्यापासून कठड्यापर्यंत प्रत्येकी १.८ मीटर. एवढ्यावर बरंच काही सांगता येतं.

तुमच्या मंडळाच्या कागदावर गॅलरीची क्षमता २,८०० लिहिली आहे. हा आकडा कुठून आला तेही कळतं. माणशी ४५ सेंटिमीटर धरले की नव्वद मीटरच्या एका पायरीवर २०० माणसं, आणि चौदा पायऱ्यांची २,८००. म्हणजे ज्याने कोणी हा आकडा काढला, त्याने माणसं खांद्याला खांदा लावून बसवली आणि वर जायला एक बोटभर वाट सोडली नाही. पूर्वी सगळीकडे असंच चालायचं.

आता उलट्या बाजूने, म्हणजे बाहेरून आत हिशोब करू. मैदानांच्या सुरक्षिततेसाठी जगभर ज्या ब्रिटिश मार्गदर्शिकेचा आधार घेतात, तिला ग्रीन गाईड म्हणतात. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी सामना सुटताना एका जिन्यावर ६६ माणसं चेंगरून मेली, त्यानंतर दोन वर्षांनी ती निघाली. लक्षात घ्या, तिथे ना आग लागली होती, ना मारामारी झाली होती. माणसं घरी निघाली होती, एवढंच. त्या मार्गदर्शिकेत जिन्यासाठी धरलेला वेग असा: एक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं. सपाट वाटेवर ८२. आणि नेहमीच्या सुटण्यासाठी कमाल वेळ आठ मिनिटं, कारण त्यापुढे रांग सरकली नाही तर माणसाचा धीर सुटतो आणि मागून रेटा सुरू होतो.

तुमचा एक जिना १.८ मीटर, म्हणजे मिनिटाला साधारण ११९ माणसं. दोन जिने मिळून २३८. आठ मिनिटांत १,९००. कागदावर २,८०० आणि जिन्यातून १,९००. उरलेली ९०० माणसं म्हणजे तुम्हाला दर फायनलला दिसणारी ती गर्दी. तिला शिस्त लावायला स्वयंसेवक वाढवून किंवा शिट्ट्या वाजवून उपयोग होणार नाही, कारण बेशिस्तीने ती झालेलीच नाही. त्यात पाहुण्यांसाठी म्हणून एक जिना दोरी लावून अडवला, जे आपल्याकडे हमखास होतं, तर आकडा थेट ९५०.

तेव्हा पहिला निर्णय: २,८०० हा आकडा आजपासून विसरा. मंडळात यावरून वाद होईल. तेव्हा वानखेडेचं उदाहरण द्या. १९७४ साली उभं राहिलेलं ते स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधलं, तेव्हा क्षमता ४५ हजारांच्या आसपास होती ती ३३ हजारांवर आली. ईडन गार्डन्स त्याच स्पर्धेसाठी लाखाच्या घरातून ६६ हजारांच्या आसपास उतरलं. देशातल्या सर्वांत महागड्या जागांवर बसणाऱ्यांनी जागा कमी केल्या, तर आपण पाचशे कमी केल्याने नाक कापलं जात नाही.

आता खुर्चीकडे येऊ, पण वाटेमार्गे. एका ओळीत सलग किती माणसं बसावीत यालाही मर्यादा आहे. दोन्ही टोकांना वाट असेल तर २८, एकाच टोकाला असेल तर १४. म्हणजे कोणालाही बाहेर पडायला चौदापेक्षा जास्त माणसांच्या गुडघ्यांवरून जावं लागू नये. माणशी ५० सेंटिमीटर आणि वाट १.२ मीटर रुंद धरली तर नव्वद मीटरला सहा वाटा लागतात. उरतात ८२.८ मीटर, म्हणजे ओळीत १६५ जागा, चौदा ओळींच्या २,३१०. बसायला २,३१०, निघायला १,९००. अजून ४१० माणसांचा प्रश्न आहे; त्याचं उत्तर पुढे देतो, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा स्वस्त आहे.

त्याआधी या सहा वाटांबद्दल एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुमच्या गॅलरीत वर चढायचं म्हणजे ४० सेंटिमीटरच्या पायरीवर चढायचं. घरातल्या जिन्याची पायरी पंधरा ते अठराची असते. मागे एका कबड्डीच्या सामन्याला मी अशाच गॅलरीच्या सातव्या पायरीवर बसलो होतो. समोरून एक आजोबा खाली निघाले. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवली, मग वरच्या पायरीवर चक्क बसले, पाय खाली सोडले, हात टेकून उठले, पुन्हा काठी. एकेका पायरीला पाऊण मिनिट. मागे वीस-पंचवीस माणसं खोळंबलेली, कोणी काही बोलत नव्हतं, पण नातू लाजेने लाल झाला होता. पुढच्या वर्षी ते आजोबा आले नसणार. तुमचे ज्येष्ठ प्रेक्षक तापलेल्या सिमेंटमुळे येत नाहीत असं तुम्ही म्हणता. मला वाटतं निम्मे तरी या पायरीमुळे येत नाहीत.

उपाय साधा आहे. सहाही वाटांमध्ये प्रत्येक पायरीवर अर्धी पायरी घालायची: २० सेंटिमीटर उंच, ३७.५ खोल. जागेवर काँक्रीट ओतून किंवा तयार ब्लॉक बसवून. कडेला पिवळी, न घसरणारी पट्टी. आणि वाटेच्या मधोमध एक कठडा, तुटक तुटक, म्हणजे दोन-तीन ओळींनंतर माणसाला इकडून तिकडे जाता येईल. चौदा पायऱ्या, सहा वाटा. गवंड्याचं दोन-तीन आठवड्यांचं काम. सगळ्या गॅलरीत सुखसोयीसाठी एकच गोष्ट करायला पैसे असतील तर मी हेच करेन. अडचण एवढीच की खुर्चीवर देणगीदार कंपनीचं नाव छापता येतं, अर्ध्या पायरीवर येत नाही. तो प्रश्न तुमच्या सचिवपणाच्या कौशल्याचा.

आता खुर्ची. पाठीची पक्की बकेट खुर्ची पायरीच्या मागच्या भिंतीला टेकवून बसवली तर ती ४२ ते ४५ सेंटिमीटर जागा घेते. ७५ मधून ते गेले की पुढे राहतात ३० ते ३३. ओळीतून आडवं चालायला किमान ४० मोकळे हवेत. म्हणजे तुमच्या पायरीवर पक्की बकेट खुर्ची बसतच नाही. बसते, पण मग माणूस चालत नाही. कोणी वडापाव आणायला उठला की अख्ख्या ओळीने उभं राहायचं. कॅटलॉगमधल्या फोटोत ओळ रिकामी असते, त्यामुळे हे कळत नाही.

दोन पर्याय उरतात. एक, उठल्यावर आपोआप दुमडणारी खुर्ची, मागच्या उभ्या भागाला अडकवलेली, पाय नसलेली. दुमडल्यावर ती साधारण २५ ते ३० घेते, वाट ४५ च्या पुढे मिळते, आणि खालून झाडू सरळ फिरतो. महाग आहे, आणि तिची स्प्रिंग किंवा वजनाची यंत्रणा खाडीच्या हवेत सांभाळावी लागते. दुसरा पर्याय म्हणजे बिनपाठीची, बसकी सीट, पायरीच्या पुढच्या कडेवर बसवलेली. माणूस आज बसतो तसाच बसतो, पाय खालच्या पायरीवर, फक्त बुडाखाली सिमेंटऐवजी प्लॅस्टिक. स्वस्त, टिकाऊ. पण पाठ नाही, आणि मागच्याचे बूट तुमच्या कमरेला लागतात. तीन तासांच्या सामन्याला चालून जातं. दिवसभराच्या क्रिकेटला नाही.

माझं मत विचाराल तर मिश्रण करा. खालच्या सहा ओळींना आणि वाटांलगतच्या जागांना दुमडणाऱ्या पाठीच्या खुर्च्या, कारण तिथे ज्येष्ठ आणि लहान मुलंवाले बसतील. वरच्या आठ ओळींना बसकी सीट. वरच्या ओळी कॉलेजच्या पोरांच्या असतात, आणि ती बसतात कुठे, उभीच असतात.

मालाबद्दल थोडक्यात. उन्हाला टिकणारं, यूव्ही स्टॅबिलायझर घातलेलं पॉलिप्रॉपिलिन मागा आणि ते लिहून घ्या. रंग फिका. गडद निळ्या आणि काळ्या खुर्च्या फोटोत छान दिसतात आणि एप्रिलच्या दुपारी चटका देतात. बैठकीला पाणी निचरायचं भोक हवं, नाहीतर जून ते सप्टेंबर प्रत्येक खुर्ची एक छोटं तळं होते, आणि डेंग्यूच्या फवारणीवाले तुमच्या दारात.

बोल्टवर मात्र थांबावं लागेल. खाडीपासून जवळ म्हणजे हवेत क्षार. साधा किंवा गॅल्व्हनाइज्ड बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत लाल होतो, गंज फुगतो आणि भोवतालचं सिमेंट फोडतो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरा आणि ठोकून फुगणाऱ्या बोल्टऐवजी केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट. पायरीच्या कडेपासून अंतर राखा, नाहीतर कडच ढासळते. भोक पाडण्याआधी सळया कुठून जातात ते रिबार लोकेटरने बघायचं आणि खडूने खुणा करायच्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी खाडीजवळच्याच एका मैदानाचं काम झाल्यावर मला बघायला बोलावलं होतं. हजाराच्या वर खुर्च्या, चकचकीत, उद्घाटनाची फीत अजून कठड्याला लोंबत होती. प्रत्येक खुर्चीला चार बोल्ट, प्रत्येक बोल्ट गॅलरीच्या वॉटरप्रूफिंगमधून आरपार. पहिल्या पावसात खालच्या कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये चार हजार ठिकाणांहून पाणी. खेळाडू छत्री उघडून बूट घालत होते, ही अतिशयोक्ती नाही, मी पाहिलं आहे. मग वरून डांबर ओतलं, ते उन्हात वितळून प्रेक्षकांच्या पँटला लागलं. शेवटी सगळ्या खुर्च्या काढल्या, वॉटरप्रूफिंग केलं आणि त्याच खुर्च्या परत बसवल्या. दुप्पट खर्च. तुमच्या गॅलरीखालीही गाळे आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

त्याच्याही आधीचं पाऊल म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. महापालिका हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतीला ते करून घ्यावंच लागतं, पण तुम्ही नुसतं प्रमाणपत्र आणू नका. हॅमर आणि अल्ट्रासाउंडच्या चाचण्या सगळेच करतात. तुम्ही दोन गोष्टी आग्रहाने मागा: सळईचा गंज तपासणारी हाफ-सेल चाचणी आणि काँक्रीटमधल्या क्लोराइडची, म्हणजे सळई गंजवणाऱ्या क्षाराची, मात्रा. शिवाय एक सोपी परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फेनॉल्फ्थॅलिन फवारतात. धडधाकट काँक्रीट गुलाबी होतं. ज्याचा सळईला गंजापासून जपणारा अल्कधर्म संपला ते जसंच्या तसं राहतं. पाच-सहा सेंटिमीटर खोलवर रंगच आला नाही तर समजा सळई आता उघड्यावर आहे. अशा पायरीला भोकं पाडायची नाहीत, आधी दुरुस्ती. १९९५ साली नागपूरला भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक मेले होते. तो भाग जुनाही नव्हता.

आता ते उरलेले ४१० प्रेक्षक. तुम्ही तिसऱ्या जिन्याचं विचारलं होतं. जिना बांधता येईल: पाठीमागे, स्वतःच्या पायावर उभा, जुन्या सांगाड्यावर भार न टाकणारा. गॅलरीची उंची ५.६ मीटर, पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर अडतीसएक पायऱ्या आणि मध्ये थांबायला सपाट टप्पे. पण तुमचे फोटो बघताना मला दुसरंच दिसलं. गॅलरीतल्या प्रत्येक माणसाला बाहेर पडायला आधी वर चढावं लागतं. पहिल्या ओळीतला माणूस मैदानाच्या पातळीपासून हाताच्या अंतरावर बसलेला असतो आणि घरी जाण्यासाठी चौदा पायऱ्या चढून मग तितक्याच उतरतो. का? तर पुढे जाळीचं कुंपण आहे.

त्या कुंपणात दीड-दीड मीटरची दोन फाटकं काढा. सपाट वाट, मीटरला मिनिटाला ८२, म्हणजे दोन्ही मिळून २४६ माणसं. खालच्या सहा ओळींची ९९० माणसं चार मिनिटांत बाहेर. वरच्या आठ ओळींची १,३२० दोन जिन्यांनी साडेपाच मिनिटांत. झाले २,३१०, आणि आठ मिनिटं पुरी वापरलीही नाहीत. कधी एक जिना बंद पडला तरी फाटकं आणि उरलेला जिना मिळून मिनिटाला ३६५ निघतात. साडेसहा मिनिटांत गॅलरी रिकामी. काठीवाले आजोबाही पुढच्या ओळीत बसून पुढूनच जातील. व्हीलचेअरची जागाही तिथेच, कुंपणालगत सपाटीवर, शेजारी सोबतच्या माणसाची एक खुर्ची आणि एकास बाराच्या उताराचा रॅम्प. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही मेहेरबानी राहिलेली नाही.

समितीत लगेच कोणीतरी म्हणेल, पोरं मैदानात घुसतील. घुसतील, एखाद्या वेळी. पण कुंपणाचा दुसरा अर्थ १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जगाने पाहिला. मागून रेटा आला, पुढे जाळी होती, ९७ जीव गेले. त्यानंतर इंग्लंडमध्ये ती कुंपणं उतरवली. फाटकांना कुलूप लावायचं नाही. मैदानाच्या बाजूने उघडतील अशी, आतून ढकलली की उघडणारी कडी, आणि सामना चालू असेपर्यंत प्रत्येकाजवळ एक माणूस उभा. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला, हा प्रकार आपल्याकडे इतका झाला आहे की कुलूप शक्य तिथे नकोच.

फाटकातून निघालेला माणूस रस्त्यापर्यंत पोचला पाहिजे. मैदानाच्या कडेने, कपडे बदलायच्या खोल्यांशेजारून जाणारी बोळ तुमच्या नकाशात तीन मीटर दिसते. फोटोत तिच्यात जुना रोलर, मोडके हर्डल्स, मंडपाचे बांबू आणि पाण्याची टाकी आहे. प्रत्यक्षात सव्वा मीटर उरली आहे. सव्वा मीटरमधून मिनिटाला शंभरच माणसं जातात, मग फाटकं कितीही मोठी करा. सगळ्यात अरुंद जागा ठरवते. हा रोलर हलवायला सीएसआर लागत नाही.

तीच नजर जिन्याच्या पायथ्याशी लावा. वडापावची गाडी, रिक्षांची रांग, बाइक लावून सोबत्याची वाट पाहणारी माणसं. जिन्याच्या तोंडाशी दहा मीटर मोकळं ठेवा. गाडीवाल्याला हुसकू नका, पलीकडे चांगली जागा द्या, त्याचा धंदा उलट वाढेल. आणि दोन्ही जिन्यांवर सारखी माणसं जातील असं धरू नका. स्टेशन ज्या बाजूला, तो जिना आधी भरतो. माणूस पायाने विचार करतो. म्हणून ओळी-विभागांच्या पाट्यांवर बाहेरची वाटही रंगाने दाखवा आणि शेवटच्या पाच मिनिटांत मराठीत आणि हिंदीत घोषणा द्या. पाट्या, दिवे, क्रमांक यांवर आणखी लिहीत नाही, ते तुम्हाला जमेल. फक्त जिन्यावरचे दिवे वीज गेल्यावर बॅटरीवर चालले पाहिजेत.

छपराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बसण्याचं सुख म्हणजे आपल्याकडे निम्मं सावलीच असतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचे जीव गेले, ते आपल्यापासून लांब नाही. तुमची गॅलरी पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे दुपारचं सगळं ऊन समोरून. छप्पर करायचं तर वाऱ्याचा भार नीट काढून घ्या. आपल्या भागासाठी भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि एका बाजूने उघडं छप्पर वारा खालून उचलतो. खांब स्वतंत्र पायावर, गॅलरीच्या मागे.

आणि पैसे अर्ध्याच छपराचे असतील तर एक चूक टाळा. नव्वद मीटरपैकी पंचेचाळीस मीटरवर पूर्ण छप्पर करू नका. सगळी माणसं सावलीतल्या अर्ध्या भागात कोंबून बसतील, एकाच जिन्यावर येतील आणि वर मांडलेला हिशोब पाण्यात. त्याऐवजी नव्वदही मीटर लांबीवर, मागच्या सहा-सात ओळींवर अरुंद छप्पर करा. सावली सारखी वाटली की माणसंही सारखी वाटली जातात.

पावसाचंही तसंच. सर आली की उघड्यावरची माणसं धावतात ती जिन्यात आणि जिन्याखाली, आणि तिथेच थांबतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाऊस पडत होता, माणसं जिन्यावर आडोशाला उभी होती, खालून-वरून नव्या गाड्यांची माणसं येत होती. २३ जण गेले. म्हणून गॅलरीखाली आडोशाची जागा जिन्यापासून बाजूला, वेगळी हवी. तुमचे दोन गाळे रिकामे आहेत, ते सामन्याच्या दिवशी उघडे ठेवा.

महिलांच्या स्वच्छतागृहाची रांग हा असाच विषय. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची फायनल झाली, पावसाने सुरुवात लांबली आणि भारत जिंकला. तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यातल्या मुली आता तुमच्या मैदानावरही येणार आहेत. गॅलरीखाली महिलांसाठी आज दोनच शौचकूप आहेत. मध्यंतरात त्यांची रांग सरळ जिन्याच्या तोंडात येते. म्हणजे सोयीचा प्रश्न बघता बघता गर्दीचा होतो. दार दुसऱ्या बाजूला काढा आणि शौचकूप निदान सहा करा.

आत घेण्याबद्दल दोन ओळी. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण मेले ते दारांपाशी, आत बसायला नव्हे, आत शिरायला जमलेल्या गर्दीत. मी एका स्थानिक फायनलला घड्याळ लावून मोजलं होतं: पिशवी तपासून तिकीट बघायला एका रांगेतून मिनिटाला सहा-सात माणसं जातात. तासाला चारशे. २,३१० माणसं तासाभरात घ्यायची तर सहा रांगा लागतात, त्यातल्या निदान दोन महिलांसाठी. तुम्ही आज दोन रांगा लावता आणि दारं अर्धा तास आधी उघडता. फुकट प्रवेशाच्या सामन्यालाही पास छापा, नाहीतर किती येणार हेच कळत नाही, आणि दार बंद करायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

क्रम असा ठेवा. आधी ऑडिट आणि बोळीतला रोलर. मग कुंपणातली फाटकं, सहा वाटा आणि अर्ध्या पायऱ्या. मग वॉटरप्रूफिंग आणि त्याबरोबरच पाण्याला उतार, कारण तुमच्या पायऱ्यांवर मध्ये पाणी साचतं आणि ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं. त्यानंतर खुर्च्या, आणि छप्पर पैसे उरले तर. कंपनीला उद्घाटनासाठी काहीतरी रंगीत लागेलच. खालच्या सहा ओळी आधी करून द्या, फोटो तिथलाच निघतो.

पुढचा मोठा सामना कधी आहे ते कळवा. त्या दिवशी कॉलेजची पाच पोरं हवीत, हातात मोजणीची बटणं: दोन जिन्यांच्या तळाशी एकेक, दोन वरच्या तोंडाशी, एक बोळीत. शेवटच्या शिटीपासून दर मिनिटाचा आकडा लिहायचा, गॅलरी रिकामी होईपर्यंत. तो कागद मला पाठवा. माझे ६६ आणि ८२ परदेशातल्या मैदानांवरचे आहेत. तुमच्या जिन्यावर पिशव्या, पोरं आणि ओल्या चपला असतात, तेव्हा खरा आकडा थोडा कमीच येईल, आणि मग फाटकं दीडऐवजी दोन मीटरची करावी लागतील.